दाखला हरवण्याचा प्रामाणिक प्रयत्न

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सहजीवन सोसायटीत कुणाचं मूल दहावी पास झालं की पेढे त्या घराने द्यायचे आणि सल्ले बाकीच्या घरांनी, अशी वाटणी इमारत बांधली तेव्हापासून आहे. शहाऐंशी साली आमच्या मृणालिनीला अठ्ठ्याहत्तर टक्के मिळाले तेव्हा आम्ही पेढे रीतसर वाटले. बदल्यात जे जमा झालं त्याचा मी सवयीने मनातल्या मनात ताळा घेतला. मी सरकारच्या हिशेब तपासणी खात्यात आहे. दुसऱ्यांनी केलेल्या व्यवहारात आक्षेप शोधणं हे माझं काम, आणि ते घरी येताना कचेरीत ठेवून येता येत नाही.

तर ताळा असा निघाला, की सल्ला देणाऱ्याने स्वतःच्या घरात जे करून पाहिलं आणि फसलं, तेच तो दुसऱ्याच्या घरासाठी हिरिरीने सुचवतो. वरच्या मजल्यावरच्या वनमालाबाई शिक्षिका. शाळेच्या नोकरीला त्यांनी जन्मभर नावं ठेवली. त्या म्हणाल्या, "मुलीला डी.एड. करा. दुपारी दोनला घरी येऊन पडता येतं." समोरच्या ब्लॉकमधले अण्णा पेंढारकर म्हणाले, "कॉमर्स! कॉमर्स केलं की नंतर बघायला नको." अण्णांचा मुलगा कॉमर्स होऊन गेली दोन वर्षं गॅलरीत उभा राहून नंतरचं बघत होता. पण अण्णांना दुखवण्यात अर्थ नव्हता, कारण नुकतंच सरकारने त्यांना विशेष कार्यकारी दंडाधिकारी केलं होतं. हे पद ऐकायला भयंकर असलं तरी त्यात कुणाला दंड करायचा नसतो. लोकांच्या दाखल्यांच्या नकलांवर ‘खरी प्रत’ असा शिक्का मारून खाली सही करायची, एवढंच. अण्णा तो शिक्का सदऱ्याच्या खिशात घेऊन हिंडत आणि जिन्यात भेटलेल्या माणसाच्या हाताकडे आधी बघत. मृणालिनीच्या गुणपत्रिकेच्या आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या इतक्या खऱ्या प्रती त्यांनी करून दिल्या, की मूळ कागदच एकटा पडल्यासारखा दिसायला लागला.

मुलीला काय हवंय हेही विचारावं, असं आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे वसुधाला, वाटलं. तिला अशा अडचणीच्या गोष्टी सुचतात.

मृणालिनी म्हणाली, "सायन्स."

"का?" मी विचारलं. कारणाशिवाय मंजुरी द्यायची मला सवय नाही.

"नववीत शाळेने विक्रोळीला एक फॅक्टरी दाखवायला नेलं होतं ना, तिथे लॅबमध्ये एक बाई होत्या. काचेच्या नळीत काहीतरी हलवत होत्या. समोर तीन पुरुष, टायबिय लावलेले, एकदम गप्प. बाई काय सांगतात त्याची वाट बघत उभे."

"मग?"

"मग काही नाही. मला ते आवडलं."

मी आक्षेप शोधला. सापडला नाही. तेव्हा सायन्स ठरलं. घाटकोपरच्या एका चांगल्या कॉलेजात अर्ज केला, आणि कॉलेजच्या फळ्यावर दुसरी यादी लागली तेव्हा तिच्यात मृणालिनीचं नाव होतं. खालून पहिलं. शनिवारी दुपारी बाराच्या आत मूळ कागद घेऊन या, नाहीतर जागा पुढच्याला, असं खाली लिहिलं होतं. पुढचा एक मुलगा वडिलांसकट तिथेच उभा होता. दोघेही आमच्याकडे, आम्हाला काही होतंय का, अशा आशेने बघत होते.

आता जे घडलं त्याची सुरुवात मात्र यादीच्या आधीची आहे. शाळेच्या मोठ्या बाईंनी शाळा सोडल्याचा दाखला माझ्या हातात देताना म्हटलं होतं, "टिपणीस, ही मूळ प्रत. जपा." हा शब्द माझ्यासारख्या माणसाला सांगायला नको होता. माझ्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटातला गणिताचा भाग ट्रंकेत कसरीने खाल्ला. त्यामुळे पंचवीस वर्षं सरकारचे हिशेब तपासणारा हा माणूस स्वतः गणितात पास झाला होता की नाही, याला आज पुरावा नाही. मुलीच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, हे मी ठरवून टाकलं.

आणि नेमका त्याच आठवड्यात सहदेव परबांनी गाळा उघडला. परब मूळचे मालवणकडचे. परळच्या एका गिरणीत साचे चालवायचे. संप झाला. तो मिटल्याचं त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही. मधल्या काळात भाजी, अगरबत्ती, मुलांचे मोजे असं सगळं विकून झाल्यावर त्यांनी साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमधून लॅमिनेशनचं मशीन बनवून घेतलं आणि आमच्या फाटकाशेजारी मांडलं. दिसायला ट्रंकेसारखं, आवाजाने चक्कीसारखं. त्यावर हार घालून परब गिऱ्हाइकाची वाट बघत बसले होते. सोसायटीचा खजिनदार या नात्याने पहिलं काम आपण द्यावं, असं मला वाटलं. परोपकाराच्या खात्यावर असा एखादा व्यवहार अधूनमधून दाखवावा लागतो.

परबांनी दाखला दोन्ही हातांनी घेतला, डोक्याला लावला आणि म्हणाले, "टिपणीसानू, एकदा ह्या मशीनच्या पोटात गेलो काय शंभर वर्सां काय होवचा नाय. वाळवी येतली, आपटतली आणि मरतली."

मशीन घरघरलं. एका बाजूने दाखला आत गेला आणि दुसऱ्या बाजूने भाजलेल्या पापडासारखा गरम, ताठ होऊन बाहेर आला. आत मृणालिनीची जन्मतारीख, प्रगती ‘समाधानकारक’, वर्तणूक ‘चांगली’, सगळं काचेखाली ठेवल्यासारखं झळकत होतं. परबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. त्या क्षणी मी स्वतःवर इतका खूष होतो, की तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

गुरुवारी आम्ही बापलेक घाटकोपरला कॉलेजच्या खिडकीशी उभे राहिलो. आतल्या कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला होता आणि तो सगळे कागद चष्म्याखालून वाचत होता. गुणपत्रिका बघून त्याने परत दिली. खऱ्या प्रती बाजूला सारल्या. मग दाखला हातात घेतला आणि वाजवून पाहिला.

"हे काय आहे?"

"शाळा सोडल्याचा दाखला. मूळ प्रत."

"हे पाकीट आहे. आतला दाखला काढून द्या."

"पाकीट नाही ते. लॅमिनेशन आहे. वाळवीपासून…"

"अहो, दाखल्यावर आमचा रजिस्टर नंबर चढतो, त्यावर शिक्का पडतो, मग तो आमच्या फाइलला लागतो. हा शिक्का कुठे मारू? तुमच्या कपाळावर?"

"ह्याच्यावरच मारून बघा ना," मी म्हटलं. अजून माझा आवाज खजिनदाराचा होता.

त्याने शाई लावून शिक्का मारला. प्लास्टिकवर ‘प्रवेश दिला’ अशी जांभळी अक्षरं क्षणभर उभी राहिली. मग त्याने अंगठा फिरवला. अक्षरं अंगठ्याला आली.

"बघा," तो शांतपणे म्हणाला, "पुसला प्रवेश. जन्मभर टिकावं म्हणून केलंत ना? टिकलं. वाट लावलीत कागदाची. शनिवारी बाराच्या आत शिक्का घेईल असा दाखला आणा. नेक्स्ट!"

नेक्स्ट म्हणजे तो मुलगा आणि त्याचे वडील. त्यांनी मला वाट करून दिली. इतक्या आदराने वाट करून दिलेली मला कचेरीतही आठवत नाही.

संध्याकाळी आमच्या घरी प्लास्टिक उतरवण्याची सभा भरली. वनमालाबाई म्हणाल्या, रॉकेल. वसुधा म्हणाली, इडलीपात्रात वाफवून बघू. अण्णा म्हणाले, "इस्त्री! उष्णतेने चिकटलं ते उष्णतेनेच सुटणार. सायन्स आहे हे." सायन्स हा शब्द आल्यावर विरोध करणं बरं दिसलं नसतं. टेबलावर कालचं वर्तमानपत्र पसरलं, त्यावर दाखला पालथा घातला, वर दुसरं वर्तमानपत्र ठेवलं, आणि मी इस्त्री फिरवली. प्लास्टिक सुटलं नाही. ते विरघळलं, समोर जे मिळालं त्याला मिठी मारून बसलं आणि थंड झालं. वर्तमानपत्र ओढून काढलं तेव्हा त्याची छपाई दाखल्याच्या पाठीवर राहिली होती. आता पुढून बघितलं तर वर्तणूक ‘चांगली’ आणि मागून बघितलं तर लुंगीची उलटी जाहिरात.

"पुढची बाजू शाबूत आहे," अण्णा म्हणाले. त्यांनी सवयीने खिशात हात घातला आणि मग शिक्का काढायचा बेत रद्द केला.

मृणालिनी एवढा वेळ दाराला टेकून उभी होती. तिने विचारलं, "बाबा, माझी जागा जाणार का?"

"मी आहे ना," मी म्हटलं.

"म्हणूनच विचारलं," ती म्हणाली आणि आत गेली.

शुक्रवारी मी कचेरीतून किरकोळ रजा घेतली आणि मुलीला घेऊन शाळेत गेलो. मोठ्या बाईंनी दाखला आलटून पालटून पाहिला. लुंगीपाशी त्या जरा थांबल्या.

"दुसरी प्रत मिळेल, पण मूळ दाखला हरवला असेल तरच," त्या म्हणाल्या. "पोलिसांत नोंद करायची, त्यांचा कागद आणायचा. तो आणा, मी लगेच सही करते."

"पण बाई, हा हरवलेला नाही. हा काय, तुमच्या हातात आहे."

"मग माझ्या हातात असताना मी हरवला असं कसं लिहू?"

त्यांचंही बरोबर होतं. आमच्या खात्यात त्यांना चांगला हुद्दा मिळाला असता.

चौकीत एक हवालदार पेन कानावर ठेवून बसले होते. "काय गहाळ झालं?"

"शाळा सोडल्याचा दाखला."

"कुठे?"

"अजून कुठे नाही."

हवालदारांनी पेन कानावरून काढलं आणि खाली ठेवलं. मी त्यांना सगळी हकिगत सांगितली. मशीन, शिक्का, इस्त्री, मोठ्या बाई. ते थोर माणूस. त्यांनी ऐकून घेतलं.

"हे बघा साहेब, तुम्ही बोला हरवला, मी लिहितो हरवला. खाली सही करा. विषय संपला."

"पण तो माझ्या पिशवीत आहे."

"मग पिशवी बंद करा ना!"

इथे मला माझ्या वाचकांपुढे एक गोष्ट गंभीरपणे मांडायची आहे. या मुंबई शहरात त्या दिवशी निदान शंभर माणसांनी खोट्या निवेदनांखाली सह्या केल्या असतील, आणि ती सगळी संध्याकाळी घरी जाऊन जेवली असतील. पण मी दुसऱ्यांच्या सह्या तपासून पोट भरतो. खाली ‘वरील मजकूर सत्य आहे’ असं छापलेलं असताना माझा हात तिथे पोचेना. मी हवालदारांना तसं सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला खरोखर हरवूनच पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"त्याशिवाय सही कशी करणार?"

त्यांनी मृणालिनीकडे पाहिलं. फार कनवाळूपणे पाहिलं. "जा बाबा, हरवून या. मी आहे संध्याकाळपर्यंत."

बाहेर आल्यावर मृणालिनी म्हणाली, "बाबा, प्लीज. सगळे खोटं बोलतात."

"म्हणूनच सगळ्यांचे हिशेब तपासावे लागतात," मी म्हटलं. "हरवायला असा किती वेळ लागणार? लोक न ठरवता हरवतात. आपण तर ठरवून आलोय."

आधी आम्ही पालिकेच्या बागेत गेलो. मी दाखला बाकावर ठेवला, दोन मिनिटं इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या, आणि दोघे उठून चालायला लागलो. फाटकापर्यंत पोचतो तोच मागून धापा टाकत एक वृद्ध गृहस्थ आले. हातात दाखला, उन्हात आरशासारखा चमकणारा.

"अहो, मुलीच्या आयुष्याचा कागद असा टाकून जाता? लांबून लकाकला म्हणून दिसला तरी." मी आभार मानले. ते जाईनात. "कुठली साइड घेतली?"

"सायन्स," मृणालिनी म्हणाली.

"छे! डिप्लोमा करा, डिप्लोमा. माझा पुतण्या…" पुतण्याची हकिगत ऐकून घेण्यात आमची पाऊण दुपार गेली. शेवटी पुतण्याही डिप्लोमा सोडून कपड्याच्या दुकानात बसत होता असं निघालं.

मग भाजीबाजार. तिथल्या गर्दीत माणसाला आपली पोरंबाळं सांभाळावी लागतात, तर कागद सहज जाईल, असा माझा अंदाज होता. एका हातगाडीवर, दुधी भोपळ्यांच्या मध्ये, मी दाखला हलकेच सरकवला. दहा पावलांवर पाठून खणखणीत आवाज आला, "ओ दादा! ओ चष्मेवाले! तुमचं प्लास्टिक राहिलं!" सगळा बाजार माझ्याकडे बघायला लागला. दाखला हातोहात, चार गाड्यांवरून, लोकांच्या डोक्यांवरून माझ्यापर्यंत आला. एका मेथीवाल्याने तो मला देण्याआधी स्वतःच्या बाहीला पुसलासुद्धा. मुंबईत माणुसकी उरली नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा काहीतरी हरवण्याचा प्रयत्न करून बघावा.

"कागद असता तर पायाखाली गेला असता," मृणालिनी म्हणाली. "हा आता हरवूच शकत नाही, बाबा. तुम्ही तो पक्का करून ठेवलाय."

तिचा आवाज खाली आला होता. मी पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. ती रडत नव्हती. रडू नये म्हणून समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचत होती. उद्या बाराला तिच्या जागेवर तो दुसरा मुलगा बसणार, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, आणि तिथे मात्र कुणी प्लास्टिक लावलेलं नव्हतं.

परत येताना आमच्या फाटकापाशी पालिकेचा कचऱ्याचा डबा लागला. आता टाकणं आणि हरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला मान्य आहे. म्हणून मी दाखला टाकला नाही. मी तो डब्यावर धरला आणि काही वेळाने धरणं थांबवलं.

"हे हरवणं झालं?" मृणालिनीने विचारलं.

"तिकडे बघू नकोस. बघितलंस तर कुठे आहे ते ठाऊक असेल, आणि ठाऊक असेल तर तो हरवला असं म्हणता येणार नाही."

आम्ही दोघे कचऱ्याच्या डब्याकडे पाठ करून काही वेळ उभे राहिलो. वनमालाबाई भाजी घेऊन येत होत्या. त्या आमच्या दोघांकडे बघून रस्ता ओलांडून पलीकडून गेल्या.

परत चौकीत गेलो तेव्हा हवालदारांनी नोंद घेतली. "कुठे हरवला?" "मुलुंड पूर्व." "कसा?" "हातातून सुटला." अक्षर न् अक्षर खरं होतं. या वेळी माझा हात सहीपर्यंत पोचला. घरी आल्यावर वसुधाने विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "कायदेशीर हरवला." अण्णा दारात होतेच. दाखला हरवलाय, सकाळी शाळेतून दुसरा घ्यायचाय, एवढं त्यांना सांगितलं आणि मी झोपलो. सुखाने झोपलो.

शनिवारी सकाळी शाळा उघडल्या उघडल्या आम्ही मोठ्या बाईंच्या समोर बसलो. पोलिसांचा कागद त्यांनी वाचला, कोरा दाखला काढला, मृणालिनीचं नाव, जन्मतारीख, सगळं वळणदार अक्षरात भरलं, वर लाल शाईने ‘दुसरी प्रत’ लिहिलं, आणि सहीसाठी पेन टेकवणार, इतक्यात दार ढकलून सहदेव परब आत आले. सदरा घामाने चिकटलेला, सायकलची पँटक्लिप अजून पायाला, आणि हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी.

"गावलो!" ते ओरडले. "टिपणीसानू, गावलो! तुमी शाळेत गेलास असा अण्णांनी सांगितला, म्हणान थेट हयच इलंय!"

त्यांनी टॉवेल उघडला. दाखला नव्यासारखा लखलखत होता. त्याला सुवासिक साबणाचा वास येत होता.

"कचऱ्याच्या डब्यात होतो! दुकान उघडतंय तर चकाकला काय तरी. माझ्या हातचा काम, मी लांबसून वळाकलंय. कोण मेल्यान टाकल्यान काय म्हायत! साबण लावन धुतलंय, पण बघा, अक्षराक धको नाय!"

मोठ्या बाईंनी पेनाला टोपण लावलं. इतका बारीक आवाज इतक्या मोठ्याने मी पूर्वी ऐकला नव्हता.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "हरवलेला दाखला सापडला. आता दुसरी प्रत देता येणार नाही. पोलिसांना तसं कळवून टाका." मग दाखल्याकडे बघत त्यांनी विचारलं, "पण हा कचऱ्याच्या डब्यात गेला कसा?"

"बाबांनी टाकला," मृणालिनी म्हणाली.

मला ‘धरणं थांबवलं’ असं सांगायचं होतं, पण ती वेळ बारकाव्यांची नव्हती. परब माझ्याकडे बघत होते. त्यांच्या हातातला टॉवेल हळूहळू खाली आला.

"टाकलात? तुमीच?" ते म्हणाले. "माझा पयला काम… वायट झाला काय?"

"नाही, परब," मी म्हटलं. "फार चांगलं झालंय. तेच तर."

ज्याच्या कामात कुठे आक्षेप घ्यायला जागा नव्हती, त्याच माणसापुढे मी मान खाली घालून बसलो होतो. मृणालिनी उठली. तिने परबांच्या हातातून दाखला घेतला आणि म्हणाली, "थँक यू, काका. तुम्ही धुतलात म्हणून आज हा घेऊन जाता तरी येतंय." मग माझ्याकडे वळून, "चला. घाटकोपरला जायचंय."

"पण ते हाच दाखला घेणार नाहीत. परवाच…"

"चला, बाबा."

रिक्षा हायवेने धावत होती. विक्रोळीच्या कारखान्यांच्या भिंती डाव्या उजव्या गेल्या. मी बोलायच्या मुद्द्यांची जुळवाजुळव करत होतो. एक, प्लास्टिक लावू नये असं सूचनापत्रकात कुठेही म्हटलेलं नाही. दोन, शिक्का कागदावरच असावा असा लेखी नियम दाखवा. तीन… तिसरा मुद्दा तयार होईपर्यंत कॉलेज आलं.

खिडकीशी तो मुलगा आणि वडील होतेच. वडिलांनी घड्याळ बघितलं. मी खिडकीकडे वळलो, तर मृणालिनी माझ्यासमोर आली.

"तुम्ही इथे थांबा."

"अगं, पण मुद्दे…"

"बाबा, दोन दिवस तुम्ही बोलताय. आज नका बोलू."

आणि ती खिडकीकडे गेलीच नाही. सरळ जिना चढून व्हाइस प्रिन्सिपॉल मॅडमच्या खोलीसमोर गेली, शिपायाला काहीतरी सांगितलं आणि आत शिरली. दार लागलं. मी पॅसेजमधल्या भिंतीवरचे जुन्या प्राध्यापकांचे फोटो बघत उभा राहिलो. त्यांच्यापैकी एकानेही मला धीर दिला नाही. थोड्या वेळाने चष्मा कपाळावरचा कारकून आत बोलावला गेला. दार उघडलं तेवढ्यात त्याचं वाक्य बाहेर आलं, "मॅडम, असं आजवर कधी झालेलं नाही." आणि मॅडमचं उत्तर, "मग आज झालं असं लिहा. कोऱ्या कागदावर नंबर घाला, शिक्का मारा, आणि दाखल्याला भोक पाडून तो कागद टॅगने बांधा. प्लास्टिकला भोक पडतं ना?"

दार परत लागलं. आतून पंचिंग मशीनचा आवाज आला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा कारकुनाने बहुधा उभं राहून जोर लावला. मग ‘खट्’ झालं. परबांचं काम कुणीतरी भेदलं होतं.

मृणालिनी बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फीचं चलन होतं.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"खरं ते."

"म्हणजे?"

"म्हटलं, चूक माझ्या वडिलांची आहे आणि मार्क माझे आहेत."

मी हे ऐकून घेतलं. वाक्य छोटं होतं. पण दोन खाती अशी वेगळी मांडायला मला पंचवीस वर्षांच्या नोकरीत जमलं नसतं.

"मग मॅडम काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, बस."

"आणि हसल्या?"

"नाही. हसण्यासारखं काय आहे त्यात?"

आम्ही खिडकीशी गेलो. त्या मुलाचे वडील मुलाच्या खांद्यावर हात ठेवून जिन्याकडे निघाले होते. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, मीही हलवली. त्यांनाही कुणीतरी शेजाऱ्याने काहीतरी सांगितलं असेल.

कारकुनाने रजिस्टर माझ्यासमोर सरकवलं. मृणालिनी मधुकर… नाही, मृणालिनी श्यामसुंदर टिपणीस, अकरावी, सायन्स. आधी त्याने माझं नाव घाईत चुकीचं लिहिलं होतं आणि खोडलं होतं. खोडलेल्या जागी त्याची छोटी सही नव्हती. हा स्पष्ट आक्षेप होता. मी तोंड उघडलं.

"बाबा," मृणालिनी म्हणाली.

"पालकांची सही," कारकून म्हणाला. "फक्त सही करा. दुसरं काही करू नका."

तारीख घातल्याशिवाय मी आयुष्यात कुठे सही केलेली नाही. त्या दिवशी नुसती सही केली आणि पेन परत दिलं.